डिझेल हीटर पेटून लगेच विझतो? आधी या गोष्टी तपासा

थंडीची रात्र, शेडमध्ये नुकती उतरवलेली पिल्लं आणि हीटर बंद. निम्न तेरणा धरणाच्या माकणीत काय किंवा मराठवाड्यात इतरत्र काय, कोंबडीपालकाची झोप उडवणारा हा प्रसंग. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३२ ते ३५ अंश ऊब लागते. ती कमी पडली की पिल्लं एकमेकांवर चढतात आणि गुदमरून मरतात.

हीटर चालतो कसा?
मोटर पंखा आणि छोटा हवापंप फिरवते. पंपाची दाबलेली हवा नोझलमधून जाताना टाकीतलं डिझेल ओढून त्याचा फवारा करते. ठिणगीने तो पेटतो. ज्वाळेवर फोटोसेल हा ‘डोळा’ लक्ष ठेवतो. ज्वाळा दिसली नाही, तर काही सेकंदांत हीटर बंद होतो.

बिघाड कसा ओळखायचा?
• पेटून लगेच विझतो : फोटोसेलवर काजळी असेल. मऊ कोरड्या कापडाने पुसा.
• पांढरा धूर, उग्र वास : डिझेल पूर्ण जळत नाही. हवेचा फिल्टर धूळ-पिसांनी तुंबला आहे का, डिझेलमध्ये पाणी आहे का, व्होल्टेज कमी आहे का, ते पाहा.
• पंखा फिरतो, पण ज्वाळा नाही : ठिणगी, डिझेलचा फिल्टर आणि नोझल तपासा.

स्टोव्हला पिन मारायची सवय इथे नडते. नोझलचं छिद्र मोठं झालं की फवारा बिघडतो. त्यामुळे तुंबलेलं नोझल बदलणंच बरं. हवापंपातली पाती कार्बनची असतात, त्यांना तेल देऊ नका. पंपाचा दाब कंपनीच्या माहितीपुस्तिकेनुसारच ठेवा.

सर्व्हिसिंग कधी?
थंडी सुरू होण्याआधी. प्लग काढा, हीटर पूर्ण गार होऊ द्या, टाकी रिकामी करून गाळ काढा आणि फिल्टर स्वच्छ करा किंवा बदला.

या चुका टाळा
फोटोसेलची वायर जोडून तो ‘बायपास’ करू नका. मग ज्वाळा विझली तरी डिझेल फवारतच राहतं आणि आग लागू शकते. टाकीत पेट्रोल कधीच नको. चिमणी नसलेल्या हीटरचा धूर शेडमध्येच येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाचाही जीव घेतो. म्हणून पडदे सगळे बंद करू नका, वरच्या बाजूने हवा खेळती ठेवा. आणि अशा शेडमध्ये कधीही झोपू नका.