गणपतीचा मारुति

'करावयास गेलों गणपति आणि झाला मारुति' ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याच्या फजितीवर वापरतों. मूर्ति बिघडली कीं ती मोडावी आणि माती पुन्हां मळावी, हाच शहाणपणाचा मार्ग समजला जातो. परंतु बिघडलेल्या मूर्तीकडे क्षणभर निरखून पाहून, 'मारुति तर मारुति, आतां याला साजेसें देऊळ बांधूं' असें म्हणणारा एक चित्रकार अमेरिकेंत होऊन गेला. त्याचें नांव जेम्स थर्बर. एकच चौकट, तिच्याखालीं एकच ओळ, आणि प्रसंग मात्र त्रिभुवनांत न घडणारा, अशा हास्यचित्रांच्या इतिहासांत त्याचें स्थान फार वरचें आहे.

थर्बरचा जन्म १८९४ सालीं ओहायो संस्थानांतील कोलंबस येथें झाला. लहानपणीं भावाबरोबर धनुष्यबाणाचा खेळ खेळतांना त्याचा एक डोळा गेला. हॅरल्ड रॉस यानें १९२५ सालीं काढलेल्या 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकांत तो १९२७ मध्यें आला, तो लेखणीच्या बळावर. चित्रें काढणें हा त्याचा नुसता चाळा होता. पेन्सिलीनें कागद भरावयाचे आणि टाकून द्यावयाचे, असा त्याचा क्रम असे.

त्याच खोलींत ई. बी. व्हाइट हा लेखक बसे. १९२९ सालीं त्यानें असाच एक कागद उचलला. समुद्रांतील सील नांवाचा मिशाळ प्राणी खडकावर बसलेला आहे आणि दूर दोन ठिपके दिसत आहेत, एवढेंच तें चित्र. व्हाइटनें त्यावर शाई फिरवून तें चित्रें निवडणाऱ्या बैठकीकडे पाठविलें. तेथून तें परत आलें. सोबत सीलच्या मिशा वस्तुतः कशा असतात, याचें एक रेखाटनही आलें. व्हाइटनें चित्र पुन्हां धाडलें आणि लिहिलें कीं, थर्बरच्या सीलच्या मिशा अशाच असतात! तरीही चित्र नापसंतच झालें. परंतु या लहानशा चकमकींत एक मोठा प्रश्न दडलेला होता. चित्रकारानें इमान कोणाशीं राखावयाचें? समुद्रांतील सीलशीं, कीं स्वतःच्या कागदावर जन्मलेल्या सीलशीं?

त्याच वर्षीं दोघांचें एक विनोदी पुस्तक थर्बरच्या चित्रांसह प्रसिद्ध झालें आणि लोकांना तें आवडलें. तेव्हां रॉसला त्या सीलची आठवण झाली. पण मूळ कागद केव्हांच नाहींसा झाला होता. पुढें थर्बर तेंच चित्र पुन्हां काढावयास बसला. खडक कांहीं केल्या साधेना. तो पलंगाच्या उशाकडील उभ्या फळीसारखा दिसूं लागला. दुसऱ्या कोणीं तो कागद फाडला असता. थर्बरनें खडकाचा नाद सोडला, फळीपुढें पलंग काढला आणि त्यावर एक जोडपें निजविलें. सीलचा आवाज आल्याचें नवरा सांगत असावा; बायको वैतागून, तुझेंच खरें, असें म्हणते आहे. सील मात्र दोघांच्या डोक्यावर शांतपणें बसला आहे. ३० जानेवारी १९३२ च्या अंकांत हें चित्र छापलें गेलें, आणि थर्बरचें नांव चित्रकार म्हणून सर्वतोमुखीं झालें.

येथें थोडें थांबून पाहूं. सील माडीवर कसा चढला, याचा चित्रांत पत्ताच नाहीं. त्याच्या डोक्यावर टोपीही नाहीं. अशक्य गोष्ट एकच. बाकी पलंग, पांघरूण आणि मध्यरात्रीचा कंटाळवाणा वाद हें सारें कोणत्याही घरांतलें. थर्बरनें आणखी एक विचित्र वस्तु घातली असती, तर पहिलीचें नवल ओसरलें असतें. एकाच चौकटीच्या चित्राला मागचा आणि पुढचा प्रसंग नसतो. ते दोन्ही वाचकानें मनांत रचावयाचे असतात. ती जागा मोकळी ठेवणें हीच यांतली खरी निवड.

दुसरें एक चित्र असेंच जन्मलें. जिन्याच्या माथ्यावर एक स्त्री बसवावयाची होती. जिना फसला आणि त्याचें पुस्तकांचें कपाट झालें. मग कपाटावर ओणवी बसलेली बाई ही यजमानांची पहिली पत्नी ठरली, आणि खालीं पाहुण्याला दुसरीची ओळख करून दिली जात आहे! ती वरची बाई जिवंत, मेलेली कीं पेंढा भरलेली, असें रॉसनें विचारलें. थर्बरनें उत्तर दिलें कीं, पेंढा भरणारा म्हणतो, बाईंत पेंढा भरतां येत नाहीं. वैद्य म्हणतो, मेलेली बाई हातापायांवर तोल सांवरणार नाहीं. अर्थात् ती जिवंतच असली पाहिजे. एक असंभव मान्य केलें कीं पुढचा तर्क काटेकोर हवा, हा या कलेचा दंडक या उत्तरांत पुरता सांपडतो.

तिसरें उदाहरण तलवारबाजीचें. एक खेळाडू प्रतिस्पर्ध्याचें मुंडकें सफाईनें उडवितो आणि नुसता वार लागल्याची वर्दी देतो, ही कल्पना कार्ल रोझ या चित्रकाराची. त्याच्या सफाईदार हातून तें दृश्य रक्तबंबाळ वाटे. म्हणून १९३२ सालीं तें काम थर्बरकडे आलें. त्याच्या माणसांत रक्त असल्याचा भासच होत नसे. मुंडकें पुन्हां जागेवर ठेवतां येईल, असें वाटे. ज्या रेषेला अडाणी म्हणून नाकारलें होतें, तीच येथें जाणूनबुजून निवडली गेली.

या हकीकती बहुतेक थर्बरनेंच सांगितल्या आहेत, आणि तो गोष्टी रंगवून सांगण्यांत पटाईत होता, हें लक्षांत ठेवावें. शिवाय प्रत्येक चुकीचें चित्र होत नाहीं. त्यानें फेकलेल्या कागदांची गणतीच नव्हती.

परंतु त्याच्या बाबतींत चुकीशीं तडजोड करणें ही पुढें केवळ गंमत राहिली नाहीं. उरलेल्या डोळ्याची दृष्टिही मंदावत गेली. १९४०-४१ मध्यें त्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या. मग तो मोठमोठ्या कागदांवर जाड काळ्या खडूनें चित्रें काढूं लागला. १९५१ सालीं 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यानें काळ्या कागदावर पिवळ्या खडूनें काढलेलें स्वतःचें चित्र आलें; तें त्याचें अखेरचें. १९६१ सालीं तो वारला.

आपल्या घरीं एखादें मूल घोडा काढावयास बसतें आणि कागदावर मांजर उमटतें. आपण लगबगीनें रबर पुढें करतों. पुढच्या खेपेस, श्रोतेहो, क्षणभर हात आंवरावा, आणि हें मांजर कोठें निघालें आहे, एवढें त्या मुलाला विचारून पाहावें.