नाझिया आणि झोहेब : बहीण-भावाच्या आवाजातला उर्दू डिस्को

जून 1980मध्ये फिरोज खान यांचा ‘कुर्बानी’ प्रदर्शित झाला. संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे. पण त्या तबकडीवरचे एक गाणे त्यांचे नव्हते. ते लंडनमध्ये तयार झाले होते. चाल बिद्दू यांची, शब्द इंदीवर यांचे आणि आवाज एका पंधरा वर्षांच्या पाकिस्तानी मुलीचा. ‘आप जैसा कोई’ हे ते गाणे. पडद्यावर झीनत अमान होत्या. त्याच तबकडीवर महंमद रफी यांचाही आवाज आहे. चित्रपट लागून काही आठवडे होतात न होतात तोच, 31 जुलैला रफीसाहेब गेले. मागे वळून पाहिले तर एकाच तबकडीवर दोन जमाने शेजारी बसलेले दिसतात.

त्या मुलीचे नाव नाझिया हसन. तिची आठवण आजही निघते, पण बहुतेक वेळा एकटीचीच. खरे तर ते पहिले गाणे तेवढे तिचे एकटीचे होते. त्यानंतरची सुमारे बारा वर्षांची आणि पाच अल्बमची कारकीर्द दोघांची होती. तिची आणि तिच्यापेक्षा दीड वर्षाने लहान असलेल्या भावाची, म्हणजे झोहेबची. उपखंडात चित्रपटाच्या आधाराशिवाय गाणे लाखो घरांत पोहोचू शकते, हे या दोन शाळकरी मुलांनी दाखवून दिले. म्हणून त्यांचा इतिहास जोडीचा इतिहास म्हणून वाचायला हवा.

कराची ते लंडन

नाझियाचा जन्म 3 एप्रिल 1965 रोजी कराचीत झाला, झोहेबचा 18 नोव्हेंबर 1966 रोजी. वडील बसीर हसन व्यावसायिक, आई मुनीझा समाजकार्यात. मुलांचे बालपण कराची आणि लंडन या दोन शहरांत वाटले गेले. सत्तरच्या दशकात पाकिस्तान टेलिव्हिजनवर संगीतकार सुहेल राणा लहान मुलांच्या गाण्यांचे कार्यक्रम करत. ही भावंडे पहिल्यांदा लोकांना दिसली ती तिथे.

लंडनमध्ये एका घरगुती मेळाव्यात फिरोज खान यांनी नाझियाला ऐकले आणि तिला बिद्दू यांच्याकडे पाठवले. बिद्दू मूळचे बंगळूरचे. तरुणपणी इंग्लंडला गेलेले. 1974 साली कार्ल डग्लस यांच्या आवाजातले ‘कुंग फू फायटिंग’ हे त्यांनी निर्मिती केलेले गाणे जगभर गाजले होते. युरोपातला डिस्को कसा बांधतात, हे त्यांना आतून माहीत होते.

या गाण्याने काय बदलले? तोपर्यंत हिंदी गाणे म्हणजे साठ-सत्तर वादकांचा ताफा, व्हायोलिनची रांग, तबला-ढोलक आणि वर तालीम झालेला भरदार आवाज. इथे तळाशी एकसारखा ठोका होता, त्यावर बासची घोळत जाणारी ओळ आणि सिंथेसायझरचे चमकते तुकडे. नाझियाचा आवाज नाजूक, किंचित अनुनासिक. त्यात मुरकी नाही, तान नाही. बिद्दू यांनी तो आवाज एकावर एक असा दोनदा ध्वनिमुद्रित केला, त्यामुळे त्याला एक गूंज आली. शास्त्रीय कानाला जी उणीव वाटली असती, तीच यंत्राच्या संगतीत त्या आवाजाची ओळख ठरली. पुढच्या वर्षी फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार नाझियाला मिळाला. इतक्या लहान वयात तो कुणालाच मिळाला नव्हता.

यातला एक पेच लक्षात घ्या. 1965च्या युद्धानंतर पाकिस्तानात भारतीय चित्रपटांवर बंदी होती. म्हणजे कराचीच्या मुलीचा आवाज मुंबईच्या चित्रपटात होता आणि तो चित्रपट कराचीच्या थिएटरात लागू शकत नव्हता. लोकांनी तो व्हिडिओ कॅसेटवर पाहिला आणि गाणे पाठ केले.

‘डिस्को दीवाने’

1981मध्ये ‘डिस्को दीवाने’ हा पहिला अल्बम आला. नाझिया सोळा वर्षांची, झोहेब चौदा. निर्मिती बिद्दू यांचीच. चाली रचण्यात आणि गाण्यात झोहेबचाही वाटा. पाकिस्तानात आलमगीर यांच्यासारखे पॉप गायक आधीपासून होते, भारतात गैरफिल्मी गीते आणि गझला होत्याच. पण नायक-नायिका नाहीत, कथा नाही, पडदा नाही, तरीही तरुण मुले दुकानात जाऊन एखादी तबकडी मागतात, असे दोन्ही देशांत एकाच वेळी याआधी घडले नव्हते.

वर्गात उर्दू शिकवताना मी हे नाव फळ्यावर लिहितो. ‘डिस्को’ हा फ्रेंच ‘डिस्कोथेक’चा तुकडा, म्हणजे तबकड्यांचा संग्रह जिथे असतो ती जागा. ‘दीवाना’ हा फारसी शब्द. ‘देव’ म्हणजे फारसीत राक्षस किंवा भूत. ज्याला भुताने झपाटले तो दीवाना. आपल्या मराठी घरांतही तो पाहुणा म्हणून आला आणि घरचाच झाला. पॅरिस आणि इराण यांचे लग्न कराचीच्या मुलांनी लंडनमध्ये लावले आणि वऱ्हाड मुंबईत नाचले. उर्दू शुद्ध राहिली पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. या गाण्यांतली उर्दू बोलण्यातली आहे. इझाफतींचे ओझे नाही, जड तरकीब नाही. त्यामुळे लाहोरच्या मुलाला ती उर्दू वाटली आणि नागपूरच्या मुलाला हिंदी. दोघेही चूक नव्हते.

आता बहीण-भाऊ असण्याचा मुद्दा. आपल्याकडचे युगुलगीत म्हणजे प्रियकर-प्रेयसीचे सवाल-जवाब. सख्ख्या भावंडांना तसे गाता येणार कसे? त्यामुळे अनेक गाणी दोघांनी वेगवेगळी गायली आणि बाकीच्यांत सूर एकमेकांना उद्देशून नाही, तर ऐकणाऱ्याला उद्देशून राहिला. नाचायला या, रात्र सुंदर आहे, हसत राहा. नात्याच्या मर्यादेतून गाण्याचा एक वेगळा रोख निघाला. दुसरा फायदा सामाजिक होता. एकटी मुलगी मंचावर उभी राहिली असती तर जी बोटे उठली असती, त्यातली काही तरी भाऊ शेजारी असल्यामुळे खाली राहिली. आई-वडिलांची संमती लोकांना न सांगता दिसत होती. हा आपल्या समाजाचा मोठेपणा नव्हे. बहिणीला गाण्यासाठी भावाची सोबत लागावी, ही तिच्यावरची अटच आहे. पण त्या काळात ती अट या दोघांनी वाट म्हणून वापरली.

सत्तेची भुवई

तो काळ पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांचा होता. 1977च्या लष्करी उठावानंतर इस्लामीकरणाच्या नावाखाली टीव्हीवरच्या बायकांच्या पेहरावापासून गाण्यापर्यंत सगळ्यावर नजर होती. नाझियाचे नाचणारे पाय दिसू नयेत म्हणून टीव्हीचा कॅमेरा कमरेच्या वरच ठेवला जाई, असे सांगितले जाते. तरुण पिढी बिघडवल्याचा आरोप मौलवींनी केला. भारतात टीका वेगळ्या शब्दांत झाली: हा पाश्चात्त्य गोंगाट आहे, संगीत नव्हे. एकीकडे दीन धोक्यात, दुसरीकडे संस्कृती धोक्यात. आरोपी तीच दोन मुले.

1982मध्ये विनोद पांडे दिग्दर्शित ‘स्टार’ आला. कुमार गौरव नायक, संगीत बिद्दू यांचे. या भावंडांना अभिनयाचीही विचारणा झाली होती, त्यांनी नकार दिला. चित्रपट पडला, पण ‘बूम बूम’ चालले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पी लाहिरी यांच्या हाती डिस्को हिंदी चित्रपटाचा कायमचा रहिवासी झाला. 1984च्या ‘यंग तरंग’मध्ये गाण्यांचे स्वतंत्र व्हिडिओ होते. पाकिस्तानी पॉपसाठी ही नवी गोष्ट होती. 1987मध्ये ‘हॉटलाइन’ आला.

ऑगस्ट 1988मध्ये झिया विमान अपघातात मरण पावले आणि बेनझीर भुट्टो सत्तेवर आल्या. 1989मध्ये शोएब मन्सूर यांनी पाकिस्तान टेलिव्हिजनसाठी ‘म्युझिक 89’ हा कार्यक्रम केला. सूत्रसंचालक होते नाझिया आणि झोहेब. त्यांच्या मंचावरून ‘व्हायटल साइन्स’सारखे नवे बँड घराघरांत गेले. पंचविशीही न गाठलेल्या या दोघांची भूमिका आता थोरल्यांची होती.

गाणे थांबले, काम नाही

शेवटचा अल्बम ‘कॅमेरा कॅमेरा’ 1992चा. तो मादक पदार्थांविरुद्धच्या मोहिमेशी जोडलेला होता. नाझियाने गाणे सोडले ते अपयशामुळे नव्हे. तिने लंडनमध्ये व्यवसाय व्यवस्थापन आणि अर्थशास्त्राची पदवी घेतली, कायद्याची पदवी घेतली. 1991पासून सुमारे दोन वर्षे संयुक्त राष्ट्रांत काम केले. कराचीत अमली पदार्थांच्या विरोधात आणि गरीब मुलांसाठी ती उभी राहिली. ‘पिढी बिघडवणारी’ म्हणून जिच्याकडे बोट दाखवले गेले, तिचा हा हिशेब आहे. तो बोट दाखवणाऱ्यांनी कधी मांडला नाही.

1995मध्ये अलिशा चिनॉय यांच्या आवाजातले ‘मेड इन इंडिया’ गाजले. बिद्दू यांनी पुढे सांगितले की ते गाणे आधी नाझियासाठी होते. आपल्या देशातल्या लोकांना वाईट वाटेल, म्हणून तिने नाही म्हटले. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी प्रेम मिळालेल्या कलावंताला हा विचार करावा लागतो. एका गाण्याच्या नावात कोणता देश आहे, यावर तिची निष्ठा मोजली जाणार होती, हे तिला पुरेपूर कळत होते.

फुप्फुसाच्या कर्करोगाने 13 ऑगस्ट 2000 रोजी लंडनमध्ये ती गेली. वय पस्तीस. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपला.

भारतात तिला फिल्मफेअर मिळाला तेव्हा ती शाळकरी वयात होती. पाकिस्तान सरकारने ‘तमगा-ए-हुस्न-ए-कारकर्दगी’ दिला तो 2002मध्ये, ती गेल्यावर. 2012च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये ‘डिस्को दीवाने’ पुन्हा वाजले आणि तिच्या मृत्यूच्या वेळी नीट बोलताही न येणारी मुले त्यावर नाचली.

आणि झोहेब? बहिणीनंतर तो बराच काळ गप्प होता. कुटुंबाने 2003मध्ये तिच्या नावाने प्रतिष्ठान काढले, त्याच्या कामात तो राहिला. 2006मध्ये त्याने ‘किस्मत’ हा अल्बम काढला, एकट्याच्या नावाने. 2014मध्ये पाकिस्तानच्या कोक स्टुडिओत त्याने आपले जुने ‘जाना’ पुन्हा गायले, झोई विकाजी या तरुण गायिकेसोबत. चाल तीच आहे, वाद्ये आजची आहेत. ज्यांनी हे गाणे ऐंशीच्या दशकात कॅसेटवर ऐकले असेल, त्यांनी ते एकदा शोधून ऐकावे. जोडीतला उरलेला आवाज कसा गातो, ते त्यात कळते.