दायमाबादचा गेंडा कुठल्या थरातला?

1974 साली श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला जमिनीत चार जड वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. सगळं कांस्याचं, आतून भरीव. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथ 45 सेंटीमीटर लांब. त्यावर उभा असलेला माणूस बैल हाकतोय आणि पुढे दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे. मला त्या सगळ्यात हा कुत्राच जास्त आवडतो. देवाधर्मासाठी केलेल्या वस्तूत कुत्रा कोण घालतं? ज्याच्या गाडीपुढे रोज कुत्रा पळत असेल, तोच.

आता सरळ प्रश्न: हे किती जुनं? शि. रं. राव, साळी, ढवळीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते उत्तर हडप्पा काळातलं, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं मानलं. साळींच्या उत्खननात दायमाबादला सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच वस्त्यांचे थर एकावर एक मिळाले, त्यामुळे या मताला बळ आलं. पण डी. पी. अग्रवाल यांनी धातूचं पृथक्करण पुढे केलं. या प्राण्यांत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि आपल्याकडच्या ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत तसं दिसत नाही. मग हे बरंच नंतरचं असेल का? वाद मिटला नाही. कारण प्राणी उत्खननात निघाले नाहीत. ते कुठल्या थरात होते, शेजारी कुठलं खापर होतं, याची नोंद कुणी करण्याआधीच ते बाहेर आले होते. त्यात त्या शेतकऱ्याचा काय दोष? तो काही खापरं मोजायला खणत नव्हता.

आता आमच्या श्रीगोंद्याकडे या. अहिल्यानगर जिल्ह्याचं हे दक्षिणेकडचं टोक. घोड नदी आमच्या तालुक्याची सीमा, आणि पलीकडे शिरूर तालुक्यात इनामगाव. तिथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. जोर्वे काळातल्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली, तिच्यासोबत डोकं नसलेली स्त्रीमूर्ती आणि एक बैल. न भाजलेल्या मातीचे, ओबडधोबड. पण मूर्तीच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्हींत काडी बसवली की बाई बैलावर उभी राहते! बाजारात या बैलाला कुणी पाच रुपये देणार नाही. तरी इतिहासाला तो दायमाबादच्या हत्तीपेक्षा जास्त सांगतो: कुठल्या घरात, कुठल्या जमिनीखाली, कशासोबत, सुमारे कधी.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न छोट्या वस्तूंबाबत येतो. रोमन काळात तिथे अंगावरचं वस्त्र अडकवायला प्राण्यांच्या आकाराच्या पिना वापरत. ससा, कुत्रा, घोडेस्वार. काही सेंटीमीटरच्या, वर लाल-निळा मिना. आज त्या नांगरटीच्या शेतात मेटल डिटेक्टरवाल्यांना सापडतात. नांगराने थर आधीच मोडलेला असतो. पण 1997 साली सुरू झालेल्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये सापडणाऱ्याने जागा सांगितली की नकाशावर एक ठिपका वाढतो. अशा सगळ्या प्रकारच्या दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. एकट्या सशाला किंमत नाही, पण शेकडो ठिपके मिळून रस्ते, बाजार, देवळं दाखवतात.

आपल्याकडे शेततळं खणताना जेसीबीच्या दातात काही आलं की पहिली भीती असते, 'सरकार जप्त करेल'. म्हणून वस्तू दडवली जाते, वितळवली जाते किंवा गुपचूप विकली जाते. वस्तू गेली की जागाही गेली. खरं तर 1878 चा निखात निधी कायदा इतका निर्दयी नाही. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक कुणी निघाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा, उरलेला जमीनमालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. कलाकृतीच्या मानाने हे फारच कमी, हे मान्य.

त्या नोटिशीत काय सापडलं, साधारण किती किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढंच लिहायचं असतं. थराबद्दल कायदा काही विचारत नाही. पण फोन खिशात असतोच. वस्तू हलवण्याआधी खड्ड्याचा एक फोटो काढायला दहा सेकंदं लागतात.