मांसमाशी : नाव एक, प्रजाती अनेक

पावसाळ्यात जनावराच्या शिंगाला, खुराला किंवा वासराच्या नाळेला झालेली लहानशी जखम दोन-तीन दिवसांत किड्यांनी भरून जाते. परभणी जिल्ह्यातील पशुपालकांना हा अनुभव नवा नाही. ‘किडे पडले’ एवढ्यावरच चर्चा थांबते. परंतु ते किडे कोणत्या माशीचे आहेत, यावर जनावराला असलेला धोका अवलंबून असतो.

मांसमाश्या द्विपंखी गणातील सार्कोफॅजिडी कुलात मोडतात. ‘मांस’ आणि ‘खाणे’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले. जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेन यांनी १८२६ मध्ये सार्कोफॅगा ही प्रजाती-गटाची संज्ञा रूढ केली. आज जगभरात या कुलातील सुमारे ३ हजार प्रजाती ज्ञात आहेत. भारतातील मांसमाश्यांवरील बी. सी. नंदी यांचा ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केला.

तीन उपकुले

या कुलाची तीन उपकुले मानली जातात. मिल्टोग्रॅमिनी उपकुलातील बहुतेक माश्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या व गांधीलमाश्यांच्या घरट्यांत शिरतात आणि त्यांच्या अळ्या तेथे साठविलेल्या अन्नावर वाढतात. पॅरामॅक्रोनिकिनी उपकुलातील वोल्फार्टिया मॅग्निफिका ही माशी भूमध्यसागरी प्रदेशापासून मध्य आशियापर्यंत पशुधनाच्या जिवंत ऊतींवर जगते. सार्कोफॅजिनी हे सर्वांत मोठे उपकुल असून भारतात आढळणाऱ्या सार्कोफॅगा रुफिकॉर्निस व सार्कोफॅगा डक्स या प्रजाती त्यातील आहेत. याच उपकुलातील काही माश्या नाकतोड्यांवर, तर काही गोगलगायींवर वाढतात. म्हणजेच, मांसमाशी म्हटली की ती कुजक्या मांसावरच वाढते, असे नाही.

ओळख कशी पटते?

करडा रंग, पाठीवर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी ही ठळक लक्षणे होत. बहुतेक प्रजाती अंडी न घालता थेट जिवंत अळ्या सोडतात. मात्र प्रजाती परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की नराच्या जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. माद्यांची ओळख त्याहून कठीण असून त्यासाठी डीएनए तपासणीचा आधार घेतला जातो.

जखमेतील धोका

निळसर-हिरव्या, चकाकणाऱ्या रंगाची क्रायसोमाया बेझियाना ही माशी कॅलिफोरिडी या वेगळ्या कुलातील आहे. ती जखमेच्या कडेला शंभराहून अधिक अंडी घालते व तिच्या अळ्या जिवंत मांसच पोखरतात. उलट, बहुतेक मांसमाश्या आधीच चिघळलेल्या जखमेकडे आकर्षित होतात. तरीही रुफिकॉर्निससारख्या प्रजातीचा प्रादुर्भाव माणसांत व जनावरांत नोंदला गेला आहे. अळीच्या मागच्या टोकावरील श्वसनरंध्रे खोल खळग्यात असतील, तर ती मांसमाशीची असण्याची शक्यता अधिक असते.

जखमेतील काही अळ्या गरम पाण्यात टाकून मारल्यानंतर अल्कोहोलमध्ये ठेवल्यास पशुवैद्यकांना नेमके निदान करता येते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग आहे. पूर्ण वाढलेल्या अळ्या जखमेतून गळून मातीत कोषावस्थेत जातात व त्यातून नव्या माश्या बाहेर पडतात. त्यामुळे जखमेतून काढलेल्या अळ्या गोठ्यात न टाकता नष्ट करणे आणि मृत जनावर खोल पुरणे आवश्यक ठरते.