गर्भाशयातील मेदार्बुद : निदानाचा इतिहास

गर्भाशयाच्या भित्तीत मेदपेशी स्वभावतः नसतात. त्यामुळे तेथे आढळणारी पिवळसर, मऊ चरबीची गाठ विकृतिशास्त्रज्ञांना दीर्घकाळ कोड्यात टाकीत आली. अशा गाठीच्या पहिल्या वर्णनाचे श्रेय स्ट्रासबर्गचे योहान लॉबस्टाइन यांना दिले जाते; ते वर्ष १८१६ होय. वैद्यकीय वाङ्मयात या गाठींचे प्रमाण साधारणतः ०.०३ ते ०.२ टक्के दिले जाते. त्यांतही निव्वळ मेदाची गाठ विरळाच; मेद व स्नायू यांचे मिश्रण असलेली गाठच अधिक आढळते. रुग्ण बहुधा रजोनिवृत्त स्त्रिया असतात.

एकोणिसाव्या शतकात हे निदान शवविच्छेदनात किंवा शस्त्रक्रियेनंतरच होई. १८५४ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी गर्भाशयातील नेहमीच्या गाठी स्नायुपेशींच्या असल्याचे दाखविले. पण मग हा मेद आला कोठून? भ्रूणावस्थेत वाट चुकलेल्या पेशी, संयोजी ऊतींतील पेशी, की स्नायुपेशींचेच रूपांतर, असे तर्क पुढे आले. आज कल आहे तो रूपांतराकडे. अभ्यासात तांत्रिक अडचणही होती. नेहमीच्या प्रक्रियेतील द्रावक मेदच विरघळवून टाकीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली उरत केवळ रिकाम्या पोकळ्या. १८९६ मध्ये सुदान-३ हा रंग वापरात आला आणि गोठविलेल्या छेदांत मेद रंगवून दाखविता येऊ लागला.

जिवंत रुग्णात ही गाठ ओळखण्याची वाट मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोकळी झाली. ग्लासगो येथे इयन डोनाल्ड व सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये पोटातील गाठींच्या ध्वनिचित्रणाचा निबंध प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये रुग्णावर प्रथम सीटी स्कॅन झाले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, तर मेद उणे शंभराच्या आसपास येतो. त्यामुळे गाठीत मेद आहे, हे आकड्याने सांगता येऊ लागले.

तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. बीजांडकोशाच्या डर्मॉइड गाठीतही मेद असतोच, आणि ती बहुधा शस्त्रक्रियेने काढावी लागते. गर्भाशयातील त्रास न देणाऱ्या मेदार्बुदावर केवळ लक्ष ठेवणेही पुरते. म्हणजे खरा प्रश्न गाठ कशाची यापेक्षा कोणत्या अवयवाची, हा होता. एमआरआयने अनेक प्रतलांतून तिचे मूळ दाखविले. मेदाचा संकेत दाबण्याच्या तंत्राने सारख्याच उजळ दिसणाऱ्या रक्तापासून मेद वेगळा करता आला. या तंत्रांमुळे अनावश्यक शस्त्रक्रिया टळू शकते. मात्र क्वचित आढळणाऱ्या मेदसार्कोमाची शंका आल्यास निर्णय आजही ऊतींच्या तपासणीवरच सोपविला जातो.