अस्सल, नक्कल आणि मधला ठोकळा : सेमी-हॉलो गिटारचा इतिहास आणि मोजक्या पैशांतील निवड

१/
'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) या हॉलिवूडपटाचा नायक काळात मागे जातो आणि १९५५ सालच्या शाळेतील नृत्यसमारंभात लाल रंगाची गिब्सन ईएस-३४५ वाजवतो. दृश्य झकास आहे. पण त्या घराण्यातील पहिली गिटार बाजारात आली १९५८ साली. नायकाच्या हातातले वाद्य तेव्हा जन्मलेलेच नव्हते.

२/
प्रेक्षकांना हे खटकत नाही, कारण ती गिटार 'जुनी' दिसते आणि जुनी दिसणारी वस्तू कोणत्याही जुन्या काळात खपून जाते. जुन्या गिटारींचा बाजारही बऱ्याच अंशी याच भासावर चालतो. म्हणून, मोजक्या पैशांत सेमी-हॉलो गिटार घ्यायची तर जुनी 'व्हिंटेज' घ्यावी की जुन्या नमुन्यावर नव्याने घडवलेली 'रीइश्यू', हा प्रश्न जितका खिशाचा, तितकाच इतिहासाचाही आहे. आजचा धागा त्याविषयी.

३/
मूळ अडचण आवाजाची होती. वाद्यवृंदातील ब्रास वाद्यांपुढे पोकळ गिटार ऐकूच येत नसे. १९३६ साली गिब्सनने ईएस-१५० आणली. 'ईएस' म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. चार्ली ख्रिश्चन यांनी तिच्यावर जॅझ वाजवून गिटारला एकलवादनाचा मान मिळवून दिला. पण आवाज वाढवला की पोकळ पेटी स्पीकरच्या नादाने थरथरे, ती थरथर पुन्हा पिकअपमध्ये शिरे आणि कर्कश घुमारा उठे. यालाच फीडबॅक म्हणतात.

४/
यावर लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास टोकाचा उपाय केला. न्यूयॉर्कमधील एपिफोनच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून त्यांनी चार इंच जाडीच्या पाइनच्या ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवले. ते गिटारसारखे दिसावे म्हणून दोन्ही बाजूंना एका एपिफोन गिटारचे अर्धे-अर्धे तुकडे जोडले. नाव पडले 'द लॉग', म्हणजे ओंडका. गिब्सनने तेव्हा त्यात रस दाखवला नाही. लेस पॉल यांच्या नावाची भरीव गिटार कंपनीने काढली ती १९५२ मध्ये.

५/
भरीव गिटारमुळे घुमारा गेला, पण त्याबरोबर पोकळ पेटीची ऊबही गेली. टेड मॅकार्टी यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, १९५८ साली, गिब्सनने यातून मधला मार्ग काढला. तो म्हणजे ईएस-३३५. पेटी जेमतेम पावणेदोन इंच जाड, दोन्ही कडा पोकळ, वर इंग्रजी 'एफ' अक्षराच्या आकाराची छिद्रे आणि आत मधोमध मेपलचा भरीव ठोकळा. सेमी-हॉलो गिटारचे सारे मर्म या ठोकळ्यात आहे.

६/
पेटीचा दर्शनी भाग मेपल-पॉप्लर-मेपल असा थर चिकटवून केलेला, म्हणजे सरळ भाषेत प्लायवूड! जुन्या लाकडाच्या दंतकथा ऐकताना हे ध्यानात ठेवावे. पिकअप होते सेठ लव्हर यांचे हंबकर. त्यांच्या पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाच्या चिठ्ठीवरून त्या पिकअपना आजही 'पीएएफ' म्हणतात, आणि या चिठ्ठीच्या बनावट प्रतीही विकल्या जातात.

७/
आता किंमत. १९५८ मध्ये ईएस-३३५ ची छापील किंमत २६७.५० डॉलर होती. महागाईचा हिशेब केला तर आजचे सुमारे तीन हजार डॉलर. नवी गिब्सन ईएस-३३५ आजही साधारण त्याच घरात मिळते. म्हणजे हे वाद्य पूर्वी स्वस्त होते आणि आता महागले, असे नाही. भडकली ती जुन्या वाद्यांची किंमत. एरिक क्लॅप्टन यांची १९६४ ची ईएस-३३५ २००४ च्या लिलावात ८,४७,५०० डॉलरला गेली. त्यात लाकूड-तारांचे मोल किती आणि त्या हातांचे किती, हे वाचकांनीच ठरवावे.

८/
'जुनी ३३५' अशी एकच वस्तू नाही. १९६२ पर्यंत फिंगरबोर्डवर ठिपक्यांच्या खुणा होत्या, त्यानंतर चौकोनी आल्या. १९६५ च्या सुमारास पेटीवर पक्का बसवलेला टेलपीस जाऊन झोक्यासारखा लोंबता 'ट्रॅपीझ' टेलपीस आला. त्याच वर्षी नटपाशी मानेची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून ४० वर आली. तीन मिलिमीटर हा आकडा कागदावर क्षुल्लक वाटतो. पण जाड बोटांच्या वादकाला तो पहिल्याच कॉर्डला जाणवतो. १९६६-६८ ची गिटार तुलनेने स्वस्त दिसली, तर आधी पट्टी लावून पाहावी.

९/
१९६९ मध्ये गिब्सनची मालक कंपनी एका बड्या उद्योगसमूहाच्या हाती गेली. पुढे त्याचे नाव नॉर्लिन झाले, आणि संग्राहकांच्या बोलण्यात 'नॉर्लिन काळ' हा जवळजवळ अपशब्दच ठरला. या काळात मान तीन पट्ट्या जोडून होऊ लागली आणि हेडस्टॉकच्या मुळाशी 'व्होल्यूट' नावाचा उंचवटा आला. गंमत अशी की गिब्सनची मान नेमकी तिथेच मोडते, आणि हे दोन्ही बदल तिला बळकटी देण्यासाठीच होते. संग्राहक ज्यावर नाक मुरडतात, ते वादकाच्या सोयीचे असू शकते. या काळातील दर्जा मात्र एकसारखा नाही. प्रत्येक गिटार वाजवूनच पारखावी.

१०/
'व्हिंटेज' ही कल्पना याच असमाधानातून फोफावली. जॉर्ज ग्रून यांनी नॅशव्हिलमध्ये जुन्या वाद्यांचे दुकान थाटले ते १९७० साली. नव्या मालावर नाराज झालेले वादक जुन्याकडे वळले. अखेर १९८१ मध्ये खुद्द गिब्सननेच ठिपक्यांच्या खुणांची 'ईएस-३३५ डॉट' पुन्हा काढली. रीइश्यू म्हणजे एका अर्थी कंपनीने आपल्याच भूतकाळापुढे झुकवलेली मान होय. आज तर १९५९, १९६१ आणि १९६४ अशा वेगवेगळ्या सालांच्या प्रतिकृती वेगवेगळ्या मिळतात.

११/
पण भूतकाळाचा वारस कोण? गिब्सनने १९७४ मध्ये नॅशव्हिलला नवा कारखाना काढला आणि १९८४ मध्ये मिशिगनमधील कॅलामझूचा मूळ कारखाना बंद केला. तिथल्याच काही जुन्या कारागिरांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत 'हेरिटेज' ही कंपनी उभी केली. त्यांची एच-५३५ ही उघडच ३३५ ची बहीण आहे. नाव एकाकडे राहिले, वास्तू आणि हात दुसऱ्याकडे. वापरलेली हेरिटेज बहुधा तशाच गिब्सनपेक्षा स्वस्त मिळते, कारण बाजार हेडस्टॉकवरच्या नावाचे पैसे मोजतो.

१२/
दरम्यान जपानमध्ये तिसरीच परंपरा घडत होती. मात्सुमोतो शहरातील फुजिगेन आणि मात्सुमोकू या कारखान्यांनी आधी अमेरिकी नमुन्यांच्या नकला केल्या आणि पाहता पाहता कसब कमावले. जॉन स्कोफील्ड यांच्यासारखा अव्वल जॅझवादक १९८० च्या दशकापासून आयबानेझची जपानी एएस-२०० वाजवत आला आहे. नकलेतून शिकलेला हात स्वतःचे वळण घडवतो, ते हे असे.

१३/
विक्रेते मात्र सत्तरीच्या दशकातील कोणत्याही जपानी गिटारला 'लॉसूट' म्हणजे खटल्याची गिटार म्हणतात आणि भाव चढवतात. वस्तुस्थिती अशी : २८ जून १९७७ रोजी नॉर्लिनने आयबानेझच्या अमेरिकेतील वितरक एल्गर कंपनीवर फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. वाद हेडस्टॉकच्या आकाराचा होता. आयबानेझने तो आकार तोवर बदललाही होता. १९७८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली. वाद्याच्या आवाजाशी किंवा इतर जपानी कंपन्यांशी त्या दाव्याचा संबंध नव्हता. तेव्हा 'लॉसूट' या शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत. शिवाय त्या काळच्या स्वस्त नकलांत मान स्क्रूने बसवलेली आणि आत ठोकळाच नाही, असेही आढळते.

१४/
आता एपिफोन. न्यूयॉर्कच्या या कंपनीशी गिब्सनची दीर्घकाळ स्पर्धा होती. १९५७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने ती विकत घेतली. आज चीन आणि इतर आशियाई देशांत बनणारी एपिफोन म्हणजे 'गरिबाची गिब्सन' असा समज आहे, आणि २०२० पासून तिच्यावर ईएस-३३५ हेच नाव येते. आजच्या एपिफोनचा जुन्या कारखान्याशी नावापलीकडे फारसा संबंध उरलेला नाही, हे खरे. तरी ज्या ठोकळ्यामुळे ३३५ जन्मली, त्याचा पूर्वज एपिफोनच्या कारखान्यात जोडला गेला होता, हेही खरे.

१५/
इथे एक सावधगिरी. एपिफोनचीच कॅसिनो (१९६१) दिसायला ३३५ सारखी आणि बीटल्समुळे प्रसिद्ध. पण ती पूर्ण पोकळ आहे. खात्री करण्यासाठी 'एफ' छिद्रातून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. मध्यभागाच्या बाजूला लाकडाची सलग भिंत दिसली तर ठोकळा आहे. काही गिटारींत तो केवळ ब्रिजखाली, तोकडा असतो. विक्रेत्याचे वर्णन ही बखर; छिद्रातून दिसते ते अस्सल साधन.

१६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद अस्सल आहे, नक्कल आहे की बनावट, हे आधी पाहावे लागते. नक्कल प्रामाणिक असू शकते. बनावट कागद फसवण्यासाठीच केलेला असतो. रीइश्यू ही प्रामाणिक नक्कल आहे. धोका आहे तो जुनी म्हणून खपवलेल्या नव्या गिटारचा आणि अर्धे भाग बदललेल्या जुन्या गिटारचा. तपासायचे कसे?

१७/
सुरुवातीच्या ३३५ मध्ये छिद्राच्या आत कारखान्याचा शिक्का असतो. त्यातील 'टी' हे अक्षर १९५८ चे, 'एस' १९५९ चे, 'आर' १९६० चे, 'क्यू' १९६१ चे. साठीच्या दशकातील क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले गेले, म्हणून केवळ त्यांवर विसंबू नये. १९७७ पासून आठ अंक आले. त्यांतील पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, दुसरा ते चौथा म्हणजे वर्षातला दिवस. उदाहरणार्थ ८२३४१५६७ : १९८१ चा २३४ वा दिवस, म्हणजे २२ ऑगस्ट. शेवटचे तीन अंक ५०० किंवा त्याहून अधिक, म्हणजे नॅशव्हिल.

१८/
दुसरा साक्षीदार आतल्या व्हॉल्यूम-टोनच्या पॉटवर असतो. १३७६४१२ असा आकडा असेल तर १३७ ही सीटीएस कंपनीची खूण, ६४ हे साल आणि १२ वा आठवडा. पॉट मूळचाच असेल, तर गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही; नंतरची मात्र असू शकते. क्रमांक, पॉट, खुणा आणि मानेची रुंदी हे चार साक्षीदार एकच साल सांगत असतील तरच विश्वास ठेवावा.

१९/
तिसरा मुद्दा दुरुस्तीचा. हेडस्टॉक मोडून जोडलेला असेल किंवा गिटार पुन्हा रंगवलेली असेल, तर किंमत साधारण निम्म्यावर येते, असा बाजाराचा ठोकताळा आहे. संग्राहकाला हा दोष. वादकाला हीच संधी. नीट जोडलेली मान वर्षानुवर्षे टिकते. मात्र दुरुस्ती लपवलेली नसावी आणि जोड जाणत्या कारागिराला दाखवलेला असावा. झिजलेले फ्रेट बदलण्याचा खर्चही आधीच हिशेबात धरावा.

२०/
चौथा मुद्दा सरहद्दीचा. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत या गिटारींचा फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा असे. १९९२ पासून साइट्स करारानुसार त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. परवान्याविना अशी गिटार परदेशातून मागवणे म्हणजे ती जप्त होण्याची जोखीम. ब्राझीलचे लाकूड दुर्मीळ झाले तेव्हा गिटार उद्योग भारतीय रोझवूडकडे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवीकडे वळला. शिसवीची तयार वाद्ये २०१९ पासून या परवान्यातून मोकळी आहेत.

२१/
मग निवड? खिसा अगदीच तोकडा असेल तर नवी किंवा वापरलेली एपिफोन घ्यावी, आणि उरलेले पैसे चांगल्या सेटअपवर खर्चावेत. थोडे अधिक जमत असतील तर सत्तरीच्या अखेरची किंवा ऐंशीची जपानी पाहावी, आत ठोकळा असल्याची खात्री करून. त्याहून वर जायचे असेल तर वापरलेली हेरिटेज, जुळलेल्या मानेची नॉर्लिनकालीन किंवा १९८१ नंतरची डॉट. पन्नाशी-साठीच्या अस्पर्श गिटारी संग्राहकांसाठी सोडून द्याव्यात. कर्ज काढून तर त्या मुळीच घेऊ नयेत.

२२/
१९५८ च्या कारागिरांनी 'व्हिंटेज' वस्तू घडवली नव्हती. घुमारा थांबावा आणि ऊब राहावी, एवढ्यासाठी एक नवे वाद्य घडवले होते. तो तोडगा आज मात्सुमोतोच्या, चीनच्या आणि कॅलामझूच्या गिटारींतही सापडतो. पैसे त्या तोडग्यासाठी मोजावेत. सालाची किंमत नंतर आलेल्या बाजाराने ठरवली आहे. ती द्यायची की नाही, हे ज्याचे त्याने जाणून-बुजून ठरवावे.

(धागा समाप्त)