बुऱ्हाणपूर : पायी पाहिलेले शहर

बुऱ्हाणपूरला येणारा पाहुणा बहुधा मुमताज महलची कहाणी ऐकून परततो. १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती येथे वारली, तापीपलीकडे जैनाबादला तिचे दफन झाले आणि काही महिन्यांनी पार्थिव आग्र्याला नेले गेले. मला मात्र शहरात जे उरले ते पाहायचे होते.

आपल्या खुलदाबादेत विसावलेले सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने फारूकी सुलतानांनी हे शहर वसवले. राजा अली खान फारूकीने बांधलेल्या इथल्या जामा मशिदीला घुमट नाही. कमानींच्या रांगा ओलांडून भिंतीशी गेलो. वर अरबी शिलालेख आणि त्याखाली चक्क संस्कृत! विश्वकर्त्याला नमन, मग फारूकींची वंशावळ, विक्रम संवत १६४६, तिथी-नक्षत्रसुद्धा. सुलतानाला आपली ओळख पंडितांच्या भाषेतही नोंदवावीशी वाटली, ही काही किरकोळ बाब नव्हे. १६०१ मध्ये असीरगड जिंकल्यावर अकबरानेही याच मशिदीत फारसी लेख कोरवला. आधीचे लेख पुसले नाहीत.

दुपारी लालबागकडे चालत गेलो, कुंडी भंडारा पाहायला. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारांतून निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणले. मूळ पद्धत इराणची. भुयारावर ओळीने शंभराच्या आसपास विहिरीसारख्या कुंड्या आहेत. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून. त्या खणणाऱ्या मजुरांच्या नावाचा दगड मात्र मला कुठे दिसला नाही.